जुनी मोटारसायकल घेताना : भाव कसा काढायचा आणि कसा बोलायचा

बारावीच्या अर्थशास्त्रात 'बाजाराचे प्रकार' शिकताना पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्ये आपण पाठ करतो. असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, एकजिनसी वस्तू, आणि दोघांनाही बाजाराचे परिपूर्ण ज्ञान. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण तुळजापुरात जुनी मोटारसायकल घ्यायला बाहेर पडलात तर यातलं एकही वैशिष्ट्य तुम्हाला भेटणार नाही. दोन स्प्लेंडर एकाच दिवशी एकाच शोरूममधून निघाल्या तरी पाच वर्षांनी त्या एकजिनसी राहत नाहीत. एक काक्रंब्याहून कॉलेजला ये-जा करते, दुसरी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून शेतरस्त्याने फिरते. आणि ज्ञान? ते सगळं विकणाऱ्याकडे. आपल्याकडे फक्त पैसे असतात, तेही मोजके.

मोजके म्हणजे किती, याचा एक हिशोब करून बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पन्नास हजारांची गाडी म्हणजे हमीभावानं विकलं तरी जवळजवळ साडेनऊ क्विंटल सोयाबीन. भाव करताना तीन हजार जास्त गेले तर अर्ध्या क्विंटलाहून जास्त सोयाबीन गेलं. काटी, सावरगाव, अपसिंगा, मंगरूळ अशा गावांतून रोज तुळजापूरला येणाऱ्याला गाडी ही चैन नाही. एसटीच्या वेळेत कॉलेज, दवाखाना, नोकरी बसत नाही म्हणून ती घ्यावी लागते. त्यामुळे हा पाठ नीट करू.

सुरुवात एका अमेरिकी अर्थतज्ज्ञापासून. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. तीन नामांकित नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये अकेरलॉफना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत असा. समजा, बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, खरं मोल ५० हजार. निम्म्या खराब, खरं मोल ३० हजार. बाहेरून दोन्ही पुसून-पासून सारख्याच चकाचक. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो मधला आकडा धरतो, ४० हजार. आता चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, माझी गाडी ४० ला कशाला देऊ? तो गाडी घरी नेतो. खराब गाडीचा मालक मात्र खूश, ३० चा माल ४० ला जातोय. हळूहळू बाजारात खराब गाड्याच उरतात. घेणारे हे ओळखतात आणि भाव ३० वर येतो. चांगली गाडी विकायची असलेला माणूस आहे, चांगली गाडी घ्यायची असलेला माणूसही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही.

म्हणूनच आपल्याकडे 'ओळखीतली गाडी' दोन-तीन हजार जास्त देऊनही घेतात. हे जास्तीचे पैसे गाडीचे नसतात, माहितीचे असतात. विकणारेही हे जाणून आहेत. 'सिंगल हँड वापर', 'मास्तरांची गाडी' असं उगीच नाही सांगत. (आम्हा शिक्षकांच्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या जातात, तेवढे शिक्षक तालुक्यात आहेत का, याची मला शंका आहे.) तेव्हा भाव करणं म्हणजे आधी माहितीची दरी भरून काढणं, मग आकडा बोलणं. बहुतेक जण उलट करतात. फोनवरच विचारतात, "शेवटचं किती?" गाडी न बघता विचारलेल्या शेवटच्या भावाला जे उत्तर मिळतं, तो शेवटचा भाव नसतो.

आता भाव काढायचा कशावरून? विकणारा म्हणतो, "मी नव्वद हजाराला घेतली होती." त्यानं काय दिलं होतं याचा आजच्या भावाशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो आज तीच गाडी नवी केवढ्याला पडते याच्याशी, कारण जुन्या गाडीचा भाव त्या छताखालीच राहणार. आणि हे छत २२ सप्टेंबर २०२५ पासून खाली आलंय. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. इथं एक गंमत आहे, गणितात कच्चे असलेले फसतात. दहा टक्के कर कमी झाला म्हणजे किंमत दहा टक्के कमी झाली, असं नाही. कराशिवाय ६२,५०० ची गाडी आधी २८ टक्क्यांनी ८०,००० ला पडायची, आता १८ टक्क्यांनी ७३,७५० ला. फरक ६,२५० रुपयांचा, म्हणजे पूर्वीच्या किमतीच्या सुमारे ७.८ टक्के. त्याआधी घेतलेल्या गाडीचा मालक अजूनही जुन्या किमतीच्या हिशोबानं बोलत असेल तर त्याला शोरूमचा आजचा भाव दाखवा. वाद घालायची गरज नाही, कागद दाखवला की पुरतं.

विम्याच्या कागदावर 'आयडीव्ही' नावाचा एक आकडा असतो, विमा उतरवताना धरलेली गाडीची किंमत. त्याचं घटत जाणं ठरलेलं असतं. गाडीचं वय एक ते दोन वर्षं असेल तर २० टक्के घट, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५० टक्के. पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. काही जण हाच आकडा धरून बसतात. माझ्या मते तो फक्त संदर्भाला ठेवावा. कारण घट सगळ्या गाड्यांना एकाच कोष्टकानं लागते, बाजार मात्र भेद करतो. जिचा सुटा भाग नळदुर्गच्या टपरीवरही मिळतो आणि जिचं इंजिन कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून उघडतो, ती गाडी आयडीव्हीपेक्षा वर विकली जाते. जिला सुटा भाग मागवायला सोलापूर गाठावं लागतं, ती खाली येते.

खरा आधार म्हणजे तशाच गाड्या प्रत्यक्षात केवढ्याला गेल्या. पण हे कळणं अवघड. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळत नाही. जुन्या गाड्यांचंही तसंच. जाहिरातीत दिसतो तो सांगितलेला भाव. तुटलेला भाव रुमालाखालीच राहतो. मोबाइलवर दहा जाहिराती बघून 'बाजारभाव पंचावन्न आहे' म्हणणारा मुलगा मागणीचे भाव मोजतोय, सौद्याचे नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या तीन-चार गाड्या बघा, आणि गेल्या वर्षभरात ज्यांनी घेतल्या वा विकल्या त्यांना विचारा, "कितीला तुटली?" गॅरेजवाले हे सगळ्यात जास्त जाणतात. त्यांना रुमालाखालचंही कळतं.

दसऱ्याला भाव पडतात, असं एक ऐकिवात असतं. यात अर्धं खरं आहे. नवरात्रात, दसऱ्याला, पाडव्याला नव्या गाड्या निघतात आणि त्यांच्या बदल्यात जुन्या गाड्या बाजारात येतात, म्हणजे पुरवठा वाढतो. पण आपल्याकडे त्याच सुमाराला सोयाबीन निघतं, हातात पैसा येतो, म्हणजे मागणीही वाढते. दोन्ही वक्र उजवीकडे सरकले तर किंमत कुठं जाईल, हे नुसत्या आकृतीवरून सांगता येत नाही. कोणता वक्र जास्त सरकला त्यावर ते ठरतं. हा प्रश्न परीक्षेतही येऊ शकतो, लक्षात ठेवा.

आता गाडी बघायला जाऊ. निघताना फोन करून एवढंच सांगा, "काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." थंड इंजिन खोटं बोलत नाही. पोहोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघा. गरम असेल तर कुणीतरी आधीच मारून ठेवलीय, थंडपणी त्रास देत असणार. चालू केल्यावर सायलेन्सरकडे बघा. हिवाळ्यात सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती लगेच विरते, त्याची काळजी नको. निळसर धूर येत राहिला, विशेषतः ॲक्सिलरेटर पिळल्यावर, तर ऑइल जळतंय. रिंग गेल्यात किंवा व्हॉल्व्ह सील. म्हणजे आज ना उद्या 'हाफ इंजिन' काम आलं, आणि त्याचा खर्च सौद्याच्या सगळ्या घासाघिशीपेक्षा मोठा असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलंय, तिथं हे दुखणं गल्लीतल्या स्क्रू-ड्रायव्हरनं बरं होत नाही.

मेन स्टँडवर गाडी घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओलावा दिसला तर सील गेलं. चेन मागच्या चक्रावरून बोटानं मागं ओढून बघा. चेन आणि दातांमध्ये फट दिसली किंवा दात एका बाजूला वाकलेले दिसले तर पूर्ण चेन किट घालावं लागेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालातला २३ वा आठवडा. मीटरवर अठरा हजार किलोमीटर, गाडी २०२१ ची, आणि टायर २०२४ चं असेल तर विचारा, एवढ्यात टायर का बदलावं लागलं? सरळ उत्तर असू शकतं. पण विचारलंच पाहिजे, कारण मीटर मागं फिरवता येतं. मीटरची केबल तुटून दोन वर्षं काटा बंद होता, अशाही गाड्या असतात, मग त्या किलोमीटरला अर्थच नाही. पायाखालचं रबर, ब्रेकचा पेडल, मूठ यांची झीज बघा. त्यांना मागं फिरवता येत नाही.

मग चालवून बघा, हेल्मेट घालून. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं, चढ शोधायला लांब जावं लागत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आल्यात. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे बघा. ओढत असेल तर पडलेली असू शकते, चेसिस वाकलेली असू शकते. असं काही निघालं तर मी भाव कमी करून घ्या असं सांगणार नाही, गाडी सोडा असंच सांगेन.

सोबत मेकॅनिक न्या, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आलेला मेकॅनिक कधीकधी दुसऱ्या बाजूनं कमिशन घेऊन आलेला असतो. निदान ती गाडी त्याच्याच गॅरेजला जाणारी नाही ना, एवढं बघा.

आता आकडा बांधू. समजा, २०२१ ची शंभर सीसीची गाडी आहे, मालक ५६ हजार सांगतोय. तशाच तीन गाड्या ५०, ५२ आणि ५४ हजारांना सांगितल्या जातायत. सरासरी ५२. गॅरेजवाला म्हणतो, सौदा सांगितल्यापेक्षा दोन-अडीच हजार खाली तुटतो. म्हणजे ४९,५००. मेकॅनिकच्या मते मागचं टायर आणि चेन किट मिळून तीन हजारांचं काम आहे. इथं थांबा. पूर्ण तीन हजार वजा करायचे नाहीत. आपण ज्या गाड्यांवरून ४९,५०० काढले त्याही पाच वर्षांच्याच, त्यांची टायरं काही कोरी नाहीत. निम्मे, दीड हजार वजा करा. नाहीतर एकाच झिजेचे पैसे तुम्ही दोनदा कापता, आणि समोरचा माणूस जाणता असेल तर तिथंच तुमच्यावरचा विश्वास उडतो. पुढे विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, म्हणजे २०२१ च्या गाडीचा तो २०२६ मध्ये संपतो. संपला असेल तर नवा काढावा लागेल. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, जीएसटी धरून साडेआठशेच्या आत. राहिले सुमारे ४७ हजार. हा तुमचा योग्य भाव. आणि कॉलेज सुरू व्हायला आठवडा उरलाय, अजून चार गावं हिंडायची नाहीत, म्हणून तुम्ही ४९ पर्यंत जाल. हा तुमचा वरचा टोकाचा आकडा. तो घरीच वहीत लिहा. समोर बसल्यावर ठरवायला गेलात की तो वर सरकतो.

का सरकतो, यावर १९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ वर थांबलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, तरी पहिला आकडा डोक्यात रुतला. 'छप्पन' हा असाच रुतणारा आकडा आहे. त्यावर उपाय म्हणजे आपला आकडा कारणांसकट घेऊन जाणं.

बोलणं साधारण असं होतं :

"काका, गाडी नीट ठेवलीय तुम्ही. आवडली मला."

"ठेवणारच की. छप्पन सांगितलेत फोनवर."

"सांगितलेत. याच सालाच्या तीन गाड्या बघून आलो, पन्नास ते चौपन्न सांगतात. म्हणजे जातात त्याच्या खालीच. मागचं टायर, चेन किट लगेच घालावं लागतंय, विमा संपलाय. मी शेहेचाळीस म्हणतो."

"शेहेचाळीस? अरे पोरा, भंगारवाला देईल तेवढे!"

"भंगारवाला गाडी नावावर करून घेणार नाही काका. मी घेणार. पैसे आज, अर्ज याच आठवड्यात."

"बरं, चौपन्न."

"सत्तेचाळीस."

"बावन्न. आता एक रुपया कमी नाही."

"अठ्ठेचाळीस काका. हिशोब तुमच्यासमोरच मांडलाय."

"चल, ना तुझं ना माझं, पन्नास."

इथं बहुतेक जण हात पुढे करतात. 'ना तुझं ना माझं' हे कानाला न्याय्य वाटतं, पण मध्य कुठं येणार हे दोन टोकांवर अवलंबून असतं, आणि एक टोक त्यांनी छप्पनला ठोकलं होतं. तुम्ही पन्नासपासून सुरुवात केली असती तर छप्पन आणि पन्नासचा मध्य त्रेपन्न आला असता. कुठलाच मध्य आपोआप योग्य भाव होत नाही. तुमची वही ४९ सांगते.

"पन्नास नको काका, माझ्याच्यानं होत नाही. साडेअठ्ठेचाळीस देतो, नावावर करायचा खर्च माझा. दुसरी चावी आणि सर्व्हिस बुक तेवढं द्या."

यावर काका गप्प बसतात. तुम्हीही बसा. ही शांतता भरून काढण्यासाठी घाईनं पाचशे वाढवणारे पुष्कळ बघितलेत. नाहीच जमलं तर फोन नंबर देऊन उठा, रागावून नाही. दोन दिवसांनी फोन येण्याची शक्यता बरीच असते, कारण त्यांनाही तुमच्यासारखा कागदपत्रांचं बोलणारा गिऱ्हाईक रोज भेटत नाही. या बोलण्यात एक गोष्ट नाही, तीही बघा. गाडीला नावं ठेवणं नाही. आपल्याकडे गाडीला नाव ठेवलं की माणसाला लागतं, आणि लागलेला माणूस पाच हजार तोटा सोसेल पण तुम्हाला देणार नाही.

नडीच्या विक्रीबद्दलही बोललं पाहिजे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बी-बियाणं, खताला पैसे लागतात. दवाखान्याचं बिल येतं. शाळेची फी येते. अडलेला माणूस ४८ ची गाडी ३८ ला सोडतो. घेणारा म्हणतो, मी काय जबरदस्ती केली? केली नाही, कायद्यानं सौदा पक्का आहे. पण त्याला मी योग्य भाव म्हणणार नाही. तो त्याच्या अडचणीचा भाव आहे, गाडीचा नाही. रोख पैसे लगेच देणं ही सोय आहे, तिचे हजार-पाचशे कापले तर समजू शकतो. दहा हजार कापणाऱ्याला उद्या याच माणसाशी ऊसतोडीला, लग्नकार्याला, बांधावर गाठ आहे. आणि दुसरी बाजूही ध्यानात घ्या. अनोळखी माणूस इतक्या स्वस्तात देत असेल तर नड आहे की कागदात खोट आहे, हे आधी तपासा.

कागदांचं बघू. आरसी ही गाडीचा सातबारा समजा. नाव समोरच्या माणसाचंच आहे का, त्याचं आधार बघा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्याशी एकेक अक्षर ताडून पाहा. कोरलेल्या जागी घासल्याची खूण असेल तर तिथूनच परत फिरा. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवर 'एचपी' म्हणजे फायनान्स कंपनीचा बोजा असतो. हप्ते फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. कंपनीचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन परिवहन कार्यालयातून तो काढावा लागतो, आणि हे काम विकणाऱ्यानं सौद्याआधी करायचं. एम-परिवहन ॲपवर विमा आणि बोजा दिसतो, राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेला दंड. दंड असेल तर तो भरून घ्या किंवा सौद्यातून तेवढा कापा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली आहे का, तेही बघा, तिच्यावाचून परिवहन कार्यालयातली कामं अडतात. गाडी एमएच २५ ऐवजी एमएच १२ किंवा १३ ची असेल तर नमुना २८ चा ना हरकत दाखला लागेल का आणि तो कोण काढणार, हे आधीच बोलून ठेवा. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्याच माथी येणार, म्हणून तो भावातच धरा.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, ज्याला सगळे 'टीटी फॉर्म' म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. आपल्याकडे काय होतं? बॉण्डवर लिहून घेतात, कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेतात आणि गाडी पुढे पुढे विकली जाते. पाच वर्षं नाव पहिल्या मालकाचंच. हे विकणाऱ्यासाठी फार धोक्याचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात नेमकं हेच प्रकरण होतं. गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. मध्ये २००९ साली अपघात झाला, त्यात जीव गेला. न्यायालयानं सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तो कायद्यानं मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. बॉण्ड असला तरी तो दोघांतला पुरावा आहे, नोंदणी नाही. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र असायला हवं, ते मागा.

म्हणून "अर्ज याच आठवड्यात" हे वाक्य भाव करताना कामी येतं. विकणाऱ्याला ते दीड-दोन हजारांच्या तोडीचं आहे, फक्त ते त्याला समजावून सांगावं लागतं. विम्याची नोंदही आपल्या नावावर करायला १४ दिवस मिळतात. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' मात्र गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. "बोनस चालू आहे" म्हणून कुणी भाव वाढवून मागत असेल तर वाढवू नका.

इसार दिला तर हजार-दोन हजारांच्या वर नको, आणि किती दिला, सौदा कितीला तुटला, कागदात खोट निघाली तर परत, हे दोन ओळींत लिहून सही घ्या. उरलेले पैसे शक्यतो खात्यावर पाठवा. गाडी ताब्यात घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, 'सकाळी ११.४०' अशी. त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.

स्वाध्याय : तुमच्या गावात गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या कुठल्याही दोन मोटारसायकलींचा सांगितलेला भाव आणि तुटलेला भाव विचारून आणा (नावं लिहू नका). फरक किती टक्के आला ते काढा. शिवाय वरच्या उदाहरणात काकांनी ती गाडी कमीत कमी ४७,५०० ला सोडायचं मनात धरलं होतं असं समजा. मग सौदा कोणत्या दोन आकड्यांमध्ये कुठंही होऊ शकला असता? आणि त्यांची ती रक्कम ४९,५०० असती तर काय झालं असतं? वहीत लिहून आणा, सोमवारी तासाला बघू.